परातीतली दिल्ली

दाजी गेले तेव्हा मी त्यांच्याच हुकमावरून इस्पितळाच्या कँटीनमध्ये चहा पीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारतो, "शेवटी जवळ होतात ना तुम्ही?" आणि मला धड खोटंही बोलता येत नाही. मी दोन मजले खाली होतो. दुपारी चारच्या सुमाराला दाजींनी डोळे उघडले होते. पलंगाशेजारच्या खुर्चीत पेंगणाऱ्या माझ्या बहिणीकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पाव्हणं, खाली जाऊन या जरा. चहा सुधारलाय का बघा." मी गेलो. चहा सुधारला नव्हता. वर येईपर्यंत काय काय सांगायचं ते मनाशी जुळवलं होतं, पाणी जास्त, आलं नाही, कप गळतो... आणि दारात पोचलो तर नर्स पडदा ओढत होती. सहा आठवडे झाले, तो अहवाल अजून माझ्याकडेच आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सुभेदार ज्ञानदेव काटकर, साताऱ्याकडचे, पायदळातले. शेवटची नेमणूक दिल्ली छावणीत होती. बरोबरीचे सगळे निवृत्त होऊन गावाकडे गेले, हे मात्र नोएडात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिले. का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवायचे. "यांना जेवायला कोण घालणार?" त्यांना मूलबाळ नाही, मी लग्नाच्या वाटेला गेलो नाही, तेव्हा या अवाढव्य शहरात आम्ही तिघं एकमेकांची माणसं. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी अतिथिगृहात स्वागतकक्षात बसायचो. तीस वर्षं लोकांना खोल्यांच्या चाव्या दिल्या. दाजींना माझ्या नोकरीचं फारसं कौतुक नव्हतं. "तुमचा पाहुणा चावी टाकून निघून जातो," म्हणायचे, "माझा माणूस आपल्या पायांनी चालत परत आला पाहिजे."

त्यांचा माणूस म्हणजे कोण, ते सांगायला हवं. माजी सैनिकांसाठी सरकारी पॉलिक्लिनिकं असतात. तिथला डॉक्टर तपासतो, आणि काम त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर चिठ्ठी लिहून देतो. तिला सगळे रेफरल म्हणतात. मग मान्यताप्राप्त खासगी इस्पितळांची एक यादी असते, त्यातलं एक आपण निवडायचं. ऐकायला किती छान. प्रत्यक्षात खिडकीमागचा माणूस मान वर न करता विचारतो, "कौनसा लिखूँ?" मागं चाळीस माणसं खोकत उभी असतात, आणि ज्या गृहस्थानं उभ्या आयुष्यात आपले बूट कुठल्या रंगाचे हेसुद्धा स्वतः ठरवलेलं नसतं, त्यानं अर्ध्या मिनिटात आपलं हृदय कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवायचं असतं. दाजी एकदा स्वतःच्या कानासाठी त्या रांगेत उभे होते. गोळीबाराच्या सरावात त्यांचा उजवा कान कायमचा गेला होता. त्यांच्या पुढच्या हवालदारानं यादीवरून बोट फिरवलं, एका नावापाशी थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "ये लिख दो, हमारे कुलदेवता हैं." तीन दिवसांनी तो परत रांगेत. देवाच्या नावाचं ते इस्पितळ फक्त डोळ्यांचं होतं, आणि याला मुतखडा. डोळे मात्र उत्तम आहेत असा कागद घेऊन आला होता.

त्या दिवशी दाजी घरी आले ते न जेवता बाल्कनीत गेले. सैन्यात म्हणे कुठल्याही मोहिमेआधी जमिनीवर वाळूचा नकाशा करतात. टेकडी कुठं, नाला कुठं, कोण कुठून जाणार, सगळं वाळूत मांडून जवानांना समजावतात. दाजींनी नोएडात कधीच न संपणाऱ्या बांधकामांपैकी एकावरून दोन पिशव्या वाळू मागून आणली आणि अक्काची मोठी पितळी परात काढली. ही परात आमच्या आईची. सणावारी तीत पुरणाची कणीक तिंबायची. संध्याकाळपर्यंत तीत दिल्ली वसली होती. निळ्या लोकरीची यमुना, पिवळ्या-तांबड्या लोकरीच्या मेट्रो, आणि इस्पितळांच्या जागी बटणं. बऱ्या इस्पितळाला जुन्या गणवेशाचं पितळी बटण, बाकीच्यांना शर्टाचं साधं. दाखवायला काठी हवी म्हणून अक्काचं लाटणं. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "आणि पोळ्या कशानं करू?" दाजी म्हणाले, "आठवडाभर भात कर." ती परात पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही. लाटणं रोज जायचं-यायचं, आणि पोळीत कधीतरी दाताखाली कचकन काहीतरी यायचं. यमुनेकाठचं असेल म्हणून आम्ही गिळायचो.

मग लोक येऊ लागले. आधी ओळखीचे, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे. रविवारी सकाळी बाल्कनीत तीन-चार म्हातारे दाजींच्या मोढ्याशेजारी, म्हणजे वेताच्या बैठ्या स्टुलाशेजारी, दाटीवाटीनं बसलेले, सगळे डावीकडे, कारण उजव्या बाजूला बोललेलं वाया जायचं. नवा माणूस उजवीकडे बसून दहा मिनिटं आपली छाती कशी दुखते ते सांगायचा, आणि दाजी शांतपणे कावळे बघत बसायचे. एकदा शेजारच्या मांजरीनं रात्रीतून परातीत येऊन वाळूचा जो उपयोग मांजरं करतात तो केला, तोही नेमका गुडगावच्या एका नामांकित इस्पितळावर. सकाळी दाजींनी चष्मा लावून पाहणी केली. "हिचं मत आपल्यासारखंच दिसतंय," म्हणाले, आणि तिथलं पितळी बटण काढून साधं ठेवलं. अक्कानं मात्र वाळू बदलायला लावली.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आणि तो मला कायम खुळचट वाटायचा. समोरचा माणूस चिठ्ठी पुढं करायचा, हे ती वाचायचेसुद्धा नाहीत. विचारायचे, "साथ में कौन आएगा?" सोबत कोण येणार? बायको की मुलगा की सून? तिला जिना चढवतो का? मुलाचं ऑफिस कुठल्या सेक्टरला? सूनबाईंचं बाळ केवढं? मी एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, दुखतंय कुणाला आणि तुम्ही चौकशी कुणाची करताय?" तर म्हणाले, "पाव्हणं, आजारी माणूस पडून असतो. लढतो तो सोबतचा." मी म्हटलं, बरं. वाद घालण्यात अर्थ नव्हता, उजवा कान माझ्याकडे होता.

यादीतलं इस्पितळ स्वतः बघितल्याशिवाय ते त्यावर बटण ठेवायचे नाहीत. त्याला ते रेकी म्हणायचे, आणि रेकीला पेशंट लागतो म्हणून मला न्यायचे. नोएडातल्याच एका मोठ्या काचेच्या इस्पितळाची रेकी मी जन्मात विसरणार नाही. दारात चाकाच्या खुर्चीत मला बसवलं, गुडघ्यावर अक्काची शाल टाकली आणि हुकूम झाला, "तोंड पाडून बसा. ते तुम्हाला जमतं." मग ते खांबाआड उभे राहून मनगटावरचं घड्याळ बघत बसले, की पेशंटची विचारपूस व्हायला किती वेळ लागतो. आठव्या मिनिटाला एक तरतरीत मल्याळी नर्स आली, आणि काही कळायच्या आत माझ्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिच्या भुवया वर गेल्या. खुर्ची वळली आणि आम्ही आत निघालो. मी मागं वळून "दाजी, दाजी" करतोय, पण ते नेमके उजवी बाजू करून उभे. शेवटी त्यांना दिसलं तेव्हा पळत आले. "सिस्टर, ये मेरे साले साहब हैं, एकदम फिट हैं." ती म्हणाली, "अंकल, सब लोग यही बोलते हैं." चार तास मला सोडलं नाही. छातीला वायरी लावल्या. ती अधूनमधून येऊन चहा देऊन जायची, आणि खरं सांगतो, आलं घातलेला असा चहा मी दिल्लीत दुसरीकडे प्यायलो नाही. रक्तदाब खरोखरच भयंकर निघाला. तेव्हापासून रोज सकाळी गोळी घेतो. दाजींनी घरी येऊन त्या जागी पितळी बटण ठेवलं. "खोट्या पेशंटचा खरा आजार शोधला," म्हणाले, "पैकीच्या पैकी." माझ्या तब्येतीबद्दल एक शब्द नाही. पण दुसऱ्या दिवसापासून अक्काच्या घरचं लोणचं माझ्या ताटातून बंद झालं, ते कुणाच्या सांगण्यावरून ते मला ठाऊक आहे.

त्यांचा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे नाईक शेख. परभणीकडचे, हृदयाचं काहीतरी निघालेलं. त्यांचा मुलगा इरफान करोल बागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. वडील त्याच्याकडे येऊन राहिलेले, आणि मुलाची मुख्य परीक्षा तोंडावर. परातीसमोर दोघं बसले. दाजींचा ठरलेला प्रश्न झाला. इरफान म्हणाला, "मीच, अंकल. दुसरं कोण आहे?" शेख म्हणाले, "याला आणायचं नाही. मी एकटा जाईन. बिल्कुल आणायचं नाही." बापलेकाचं तिथंच जुंपलं. दाजींनी लाटणं उचललं, एक जवळचं आणि नावाजलेलं पितळी बटण ओलांडून पुढं गेले आणि दूरच्या एका बटणावर थांबले. म्हणाले, "हे घ्या. डॉक्टर तितकाच चांगला. करोल बागेतून एकच मेट्रो, बदलायला लागत नाही. तासभर जायला, तासभर यायला, पोराला बसून वाचता येईल. जवळचं घेतलं तर रिक्षात वाचणार कसा?" आणि ऑपरेशनच्या दिवशी इरफानला परीक्षेला पाठवून हे स्वतः सकाळपासून तिथं बसले. इरफानला काय मिळालं म्हणाल, तर त्या साली काही मिळालं नाही, पुढच्या साली मिळालं. नोकरीवर रुजू व्हायला जाताना तो परातीपाशी येऊन म्हणाला, "अंकल, एक सांगू? यमुनेचं वळण चुकलंय." दाजींनी त्याच्या देखत लोकर काढून पुन्हा टाकली. पुढं कुणीही आलं की सांगायचे, "ही नदी अधिकाऱ्यानं तपासलेली आहे."

आणि मग गेल्या हिवाळ्यात चिठ्ठी त्यांच्याच हातात आली. पोटात गाठ होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस सुखानं निवड करेल, सगळं शहर त्याच्या परातीत आहे. मी मनातल्या मनात काचेचं इस्पितळ ठरवूनही टाकलं होतं. यांनी निवडलं एक लहानसं, जुनाट, तीन मजली इस्पितळ, घरापासून पंधरा मिनिटांवरचं, ज्यावर कित्येक वर्षं शर्टाचं बटण होतं आणि ज्याच्या चहाला ते स्वतः नावं ठेवायचे. मी भडकलो. आयुष्यात पहिल्यांदा दाजींवर आवाज चढवला, तोही डाव्या बाजूला बसून. "लोकांना पितळी आणि स्वतःला प्लास्टिक?" म्हणालो. "हवालदारानं देवाचं नाव बघून निवडलं, तुम्ही तर तेही बघितलं नाही." ते म्हणाले, "मोहीम माझी, जागा मी ठरवणार." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पुढचे तीन आठवडे तिथं गेलो, बसलो, डबे नेले, पण मनात एकच गोष्ट खदखदत होती, की हा माणूस चुकला. आणि ते गेल्यावर तर ती खदखद रागासारखी आत बसून राहिली. तिकडं नेलं असतं तर वाचले असते, असं मला झोपेतसुद्धा वाटायचं. अक्काजवळ बोलायची सोय नव्हती.

महिन्याभरानं त्यांचं कार्ड जमा करायला पॉलिक्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आत बोलावून बसवलं. त्या दाजींना चांगल्या ओळखायच्या, त्यांचे कितीतरी पेशंट दाजींच्या परातीवरून जायचे. मी न राहवून विचारलं, की मॅडम, त्यांनी असं का केलं? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मैंने उन्हें साफ़ बता दिया था. बीमारी बहुत आगे जा चुकी है, कहीं भी जाइए, इलाज यही होगा, दवाई यही होगी. उन्होंने दो बार पूछा, पक्का? मैंने कहा, पक्का. तो बोले, अच्छा, फिर मरीज़ का तो हो गया. अब साथ वाली का देखते हैं."

मी तिथून बाहेर आलो आणि कडुलिंबाखालच्या बाकावर बसलो. तीन आठवडे मी ते इस्पितळ रोज बघत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. दारात एकही पायरी नाही. लिफ्ट दारासमोर. न्हाणीघर खोलीला लागून. आणि खुर्च्या... सगळीकडे ते गार पत्र्याचे, एकाला एक जोडलेले बाक असतात, त्यावरून अक्काला उठता येत नाही, तिचे गुडघे पार गेलेत. या इस्पितळात कुणा जुन्या मालकानं केलेल्या लाकडी खुर्च्या होत्या, रुंद, हात असलेल्या. अक्का त्या हातांवर भार देऊन स्वतःची स्वतः उठायची, कुणाला हाक न मारता. एकवीस दिवस. मी इतका मूर्ख, की त्या खुर्चीत बसून दाजींच्या नावानं बोटं मोडत होतो. मला रडू आलं, आणि तिथल्या चौकीदारानं पाणी आणून दिलं. तोही दाजींबद्दलच बोलत होता.

गेल्या आठवड्यात अक्काला गुडघ्यांसाठी चिठ्ठी मिळाली. मी सोबत होतोच. खिडकीमागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कौनसा लिखूँ, माताजी?" मागून खोकले सुरू झाले. अक्का म्हणाली, "कल बताऊँगी. घर जाके देखना पड़ेगा." माणसानं पहिल्यांदा मान वर केली.

घरी आल्यावर ती थेट बाल्कनीत गेली. इतके दिवस तिनं परातीला हात लावला नव्हता, वाळूवर धूळ बसली होती. तिनं लाटणं आणलं, खुर्ची ओढून बसली आणि परातीकडे बघत मला विचारलं, "सोबत कोण येणार?"

"म्हणजे काय? मीच की."

लाटणं त्या लहान इस्पितळावरून हळूच पुढं सरकलं आणि काचेच्या इस्पितळाच्या पितळी बटणावर टेकलं. मी म्हणालो, "अगं, तिथं पायऱ्या आहेत. खुर्च्या पत्र्याच्या आहेत. दाजींनी ते लहान इस्पितळ तुझ्यासाठी..." आणि गप्प झालो, कारण हे मला तिला सांगायचं नव्हतं.

"माहितीये मला," अक्का म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं, खुर्चीचे हात बघून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्यांनी बदललं असतं. एवढं शेवटचं त्यांच्या मनासारखं होऊ दिलं." तिनं बटणावरची धूळ पुसली. "मी काय, मला पलंगावर पडून राहायचंय. मॅडमना विचारून आलेय, गुडघ्याला दोन्हीकडे तोच डॉक्टर येतो. पण दिवसभर तुला बसायचंय, सदा. तिथला चहा चांगला आहे म्हणतोस. आणि तुझं बीपी वाढलं तर तिथं कुणीतरी बघेल तरी."

मी चपला घातल्या आणि रेकीला गेलो, एकटाच, मनगटावर दाजींचं घड्याळ बांधून. पायऱ्यांच्या बाजूला उतार केलेला आहे, तो मला आधी दिसला नव्हता. ती नर्स आता मोठी सिस्टर झाली आहे, तिनं मला ओळखलं आणि उभ्या उभ्या दंडाला पट्टा बांधला. मग कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.

परत आलो तेव्हा अक्का स्वयंपाकघरात होती. मी बाल्कनीत जाऊन परातीसमोर उभा राहिलो. मोढा रिकामा होता. हळू आवाजात म्हणालो, "दाजी, चहा चांगला आहे. आलं आहे. कप गळत नाही."

आतून अक्का म्हणाली, "उजवीकडे उभा असशील तू."

होतो खरा. मी मोढ्याच्या डाव्या बाजूला गेलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.